पावती कुणाच्या नावानं?

मी बावीस वर्षं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुमजली दुकानात नोकरी केली. पहिली सहा वर्षं गल्ल्यावर, पुढची वरच्या मजल्यावर हिशेबाच्या टेबलावर. खाली किराणा, वर कपडे आणि भांडी. आता अशा दुकानांना लोक मॉल म्हणतात. आम्ही नुसतं 'दुकान' म्हणायचो आणि गिऱ्हाइकं 'जिन्याचं दुकान' म्हणायची, कारण आजूबाजूच्या एकाही दुकानाला आतून जिना नव्हता.

निवृत्त झाल्यापासून लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठंही कुणीतरी मला ओळखतं आणि विचारतं, "अक्का, ते बिलाबरोबर रुपाया-दोन रुपाये देणगी मागत्यात की, त्यातनं टॅक्स कुणाचा वाचतो? दुकानदाराचाच न्हवं?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर चोर पकडल्याचा आनंद असतो. मी त्याला सांगते ते असं. देणगी ज्याच्या खिशातून गेली, पावती त्याच्या नावाची. पावती ज्याच्या नावाची, आयकरातली सवलत त्याची. गिऱ्हाइकानं दिलेला रुपया दुकानानं फक्त पोचवायचा असतो. पोस्टमननं मनिऑर्डर पोचवली म्हणून ती त्याची होत नाही, तसंच. दुकानदारानं स्वतःच्या नफ्यातून काही दिलं तर त्याची पावती त्यानं जरूर घ्यावी. पण गिऱ्हाइकाच्या रुपयावर त्याचा हक्क नाही.

एवढं सांगितलं की माणूस म्हणतो, "म्हंजे सगळे सरळच वागत्यात म्हणा की." मग मात्र मी गप्प बसते. कारण आमच्या दुकानात एक वर्ष हे सरळ झालं नव्हतं, आणि त्या वर्षाच्या कागदांवर अक्षर माझं होतं.

सुरुवात झाली ती सुट्ट्या पैशांवरून. नव्वदनंतरची ती वर्षं. चिल्लर कधी पुरायची नाही. बँकेत सकाळी रांग लावली तर पन्नास रुपयांची नाणी मिळायची आणि दुपारपर्यंत संपायची. मग पंचवीस पैशांच्या जागी एक गोळी, पन्नास पैशांच्या जागी दोन. माझ्या गल्ल्याशेजारी गोळ्यांची बरणीच असायची. लोक कुरकुर करायचे आणि गोळी खिशात टाकायचे.

बाबूराव म्हणून एक गिऱ्हाईक होतं. शिरोली एमआयडीसीत पत्रा कापायच्या प्रेसवर कामाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचे, यादी बिनचूक, उधारी नाही. एकदा दोन महिने दिसले नाहीत. मग आले ते शर्टाची उजवी बाही दुमडून, टाचणी लावून. हात मनगटाच्या वरून गेला होता.  मी बिल केलं, आणि सवयीनं बरणीत हात घालून तीन गोळ्या त्यांच्यापुढं ठेवल्या.

त्यांनी गोळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अक्का, ह्या घिऊन मी काय करू? सोलायला बी दोन हात लागत्यात."

रागानं बोलले नाहीत ते. म्हणूनच मला जास्त लागलं.

मागं आमचे मालक उभे होते. त्यांना सगळे अप्पा म्हणत. लिंगायत घराणं, मूळचे संकेश्वराकडचे. माझंही माहेर तिकडचंच, त्यामुळं दुकानात आम्ही मराठी बोलायचो आणि महत्त्वाचं काही असलं की कानडीत शिरायचो. मला ते तंगी म्हणत, म्हणजे धाकटी बहीण. अप्पांनी बाबूरावांना आत बसवलं, चहा दिला आणि चौकशी केली. गावात एका ट्रस्टचं कृत्रिम हात-पाय बसवून देणारं केंद्र होतं. बाबूरावांनी तिथं नाव घातलं होतं, पण ट्रस्टकडे पैसे जमतील तसे हात व्हायचे. नंबर लागायला वर्ष जाईल असं त्यांना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी गोळ्यांची बरणी उचलून घरी पाठवली आणि आम्हा गल्ल्यावरच्या चौघींना बोलावलं. "सुट्टे असले तर द्यायचे. नसले तर विचारायचं, वरचे पैसे हातपाय केंद्राला देऊ का म्हणून. एकदाच विचारायचं. न्हाय म्हटलं तर तोंड वाकडं करायचं न्हाय."

लोकांनी त्याला 'हातपायाचे पैसे' असं नाव पाडलं. चौघांतले तिघं द्यायचे. कुणी चार आण्यांऐवजी रुपया द्यायचं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. एक बाई म्हणाल्या, "चार आणे घ्या, पर डाळीत एक मूठ वाढवा." एका पैलवानानं दहाची नोट ठेवली आणि नाव विचारल्यावर लाजून पळाला. बिलं तेव्हा हातानं लिहायची. बेरजेखाली आम्ही 'केंद्र' असं लिहून रक्कम टाकायचो. संध्याकाळी ती वेगळ्या डब्यात, महिन्याअखेर माझ्याकडे. मी तोपर्यंत हिशेबाच्या टेबलावर आले होते. सगळी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून मी दर महिन्याला केंद्राला चेक द्यायची. सहा महिन्यांत बाबूरावांना हात बसला. तो दाखवायला ते मुद्दाम दुकानात आले आणि त्या हातानं पिशवी उचलून जिना चढले. अप्पा जिन्याखाली उभे राहून वर बघत होते.

वर्ष संपलं तशी केंद्राची पावती आली. दुकानाच्या नावाची. चेक दुकानाचा, म्हणून पावती दुकानाची, त्यांनी दुसरं काय करावं? मी ती कागदपत्रांच्या यादीत लिहिली आणि फाईल देसाई वकिलांकडे पाठवली. कोल्हापुरात आयकराचं काम बघणाऱ्यांना वकीलच म्हणतात. देसाईंनी विवरणपत्र भरलं, अप्पांनी सही केली. माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला त्या पावतीचा अभिमान वाटला होता.

पुढच्या वर्षी मार्च संपत आला असताना चौगुले गुरुजी आले. कबनूरचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. मुलगी राजारामपुरीत दिलेली, तिच्याकडे यायचे आणि येताना-जाताना खरेदी आमच्याकडे करायचे. गल्ल्यावरच्या मुली त्यांना घाबरत, कारण बिलातली बेरीज ते तोंडी करून दाखवत. ते थेट माझ्या टेबलापाशी आले, सुतळीनं बांधलेला बिलांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, "दीड वर्षात माझे एकोणीस रुपये पंचाहत्तर पैसे तुमच्या केंद्राला गेलेत. मला पावती पाहिजे."

शेजारचा भांड्यांच्या विभागातला शिंदे हसला. गुरुजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं तसा तो उठून गेला.

मी म्हटलं, "गुरुजी, एकोणीस रुपयांवर तुम्हाला कराची सवलत ती कितीशी मिळणार?"

"मला नकोच. माझी पेन्शन करात बसतच न्हाय."

"मग पावती कशाला?"

"मला एवढंच सांगा," ते टेबलावर बोट ठेवून म्हणाले, "माझ्या एकोणीस रुपयांची सवलत मी घेत न्हाय. रांगेतला तो हमाल घेत न्हाय, ती बाई घेत न्हाय. मग ती सवलत ऱ्हाती कुठं? हवेत जाती का कुणाच्या खिशात जाती?"

मी म्हटलं, "बघून सांगते." वर्गात उत्तर न आलेल्या मुलीसारखा आवाज निघाला माझा.

ते गेल्यावर कपाटातून गेल्या वर्षीच्या विवरणपत्राची प्रत काढली. सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. हातपायाचे पैसे आमच्या विक्रीत धरलेले नव्हते, ते बरोबरच होतं, कारण ते आमचे नव्हतेच. पण त्याच पैशांची पावती जोडून आम्ही देणगीची सवलत मात्र घेतली होती. म्हणजे उत्पन्न धरताना पैसे लोकांचे आणि सवलत घेताना आमचे. जोडलेल्या कागदांची यादी माझ्या हातची, तिसऱ्या ओळीत ती पावती. नवं वर्षही संपत आलं होतं आणि यंदाही तेच होणार होतं.

देसाई वकिलांकडे गेले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. हुशार होता, मेहनती होता. शांतपणे ऐकून म्हणाले, "शैलाताई, पावती दुकानाच्या नावाची आहे. मी कागदावर चालतो. आणि मला सांगा, नुकसान कुणाचं झालं? गिऱ्हाईक चार आण्यांची सवलत मागायला जाणार आहे का? केंद्राला पैसे पूर्ण पोचले. ही सवलत अशीच वाया जायची, ती आपण वापरली."

 याचं उत्तर मला आज सुचतं. लोकांना आम्ही सांगितलं होतं की तुमचे पैसे केंद्राला जातील. त्यावर आमचा कर वाचेल हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर किती जणांनी दिले असते, तो वेगळा प्रश्न. पण विचारायला हवं होतं.

अप्पा त्या दिवसांत गुडघ्याच्या दुखण्यामुळं आठवड्यातून एखादे दिवशीच येत. कारभार त्यांच्या मुलाकडे, महेशकडे, आला होता. पुण्याहून व्यवस्थापनाचं शिकून आलेला, तिशीच्या आतला. मी त्याला सांगितलं. त्यानं देसाईंना फोन केला आणि मग मला म्हणाला, "अक्का, भरलेला कागद आपणच जाऊन चुकीचा म्हणायचा? उद्या सगळी फाईल उघडतील. अप्पांपर्यंत हे न्यायचं नाही, त्यांच्या तब्येतीला झेपणार नाही." दोन दिवसांनी म्हणाला, "थोडे दिवस खाली बसा. गल्ल्यावर अनुभवी माणूस पाहिजे."

खाली म्हणजे जिथून मी वर चढले होते तिथं. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींच्या रांगेत शेवटची खुर्ची. पगार तोच ठेवला होता, एवढी मेहेरबानी. माझ्या यजमानांचं वर्कशॉप त्याच साली बंद पडलं होतं आणि दोन मुलांच्या शिक्षणासकट घर माझ्या पगारावर होतं. म्हणून मी बसले. अप्पांच्या घरी जाऊन सांगणं मला अशक्य नव्हतं, दहा मिनिटांचा रस्ता होता. गेले नाही. भीतीनं गेले नाही, ते कबूल करते.

पण एक गोष्ट मला जमेना. बिल झालं की विचारायचं वाक्य तोंडातून निघेना. 'वरचे पैसे हातपाय केंद्राला देऊ का?' चौथ्या-पाचव्या दिवशी मी विचारणंच सोडलं. सुट्टे देत बसले. घरातून देवापुढची नाणी आणली, भाजीवाल्याकडून नोटा देऊन चिल्लर आणली, पण विचारलं नाही. शेजारच्या गल्ल्यांवर पैसे जमत होते, माझ्या गल्ल्यावर शून्य.

प्रत्येक गल्ल्याचा रोजचा गोषवारा अप्पांच्या घरी जायचा. दुखणं गुडघ्याला होतं, नजरेला नव्हतं. साधारण दोन महिने शून्य बघितल्यावर एका सकाळी ते काठी टेकत दुकानात आले, वर न जाता एक साबण आणि गुळाची अर्ध्या किलोची ढेप उचलली आणि माझ्या रांगेत उभे राहिले. पुढं तिघं होते. त्यांनी जागा द्यायला बघितलं, तर हातानंच नको म्हणाले.

माझ्यापुढं आल्यावर मी बिल केलं. वर पंचवीस पैसे राहत होते. मी नाणं त्यांच्या हातात ठेवलं.

"विचारलं न्हाईस?"

"न्हाई अप्पा."

"का?"

मागं सात-आठ माणसं होती. कानडीत सांगता आलं असतं. पण मला वाटलं, जे ह्या रांगेबद्दल आहे ते रांगेला कळेल अशा भाषेत बोलावं. "पावती दुकानाच्या नावानं येते अप्पा. गेल्या साली त्यावर आपण करातली सवलत घेतली. पैसे ह्यांचे होते." मी रांगेकडे हात केला. "चूक माझ्यापासनं सुरू झाली. मीच पावती जोडली. कळल्यापासनं मला विचारवत न्हाई."

अप्पांनी नाणं मुठीत धरलं. मागून एकानं विचारलं, "काय झालंय ओ? बिल चुकलंय काय?"

अप्पा वळले. आवाज त्यांचा मुळातच मोठा. "बिल न्हाय चुकलं, पावणं. मी चुकलोय. तुम्ही हातपायाला पैसे दिलासा, त्यावर माझा कर वाचला. ते मला म्हाईत नव्हतं, पर सही माझी हाय. तेवढा कर मी भरणार." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आयतु, झालं. तंगी, वर चल. तुझ्या टेबलावर."

त्या दिवशी त्यांच्यामागून तो जिना चढताना मला जे वाटलं, ते नंतर कुठल्याही बढतीला वाटलं नाही.

देसाईंना बोलावलं. ते म्हणाले, "अप्पासाहेब, एवढ्याशा रकमेसाठी?"

"एवढीशी हाय म्हणूनच परवडतंय," अप्पा म्हणाले. "मोठी आसती तर माझी बी नियत फिरली आसती."

महेश खाली मान घालून बसला होता. अप्पा त्याला सगळ्यांसमोर एक शब्द बोलले नाहीत. घरी काय बोलले ते मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी महेशनं माझ्या टेबलाचा तुटलेला खण स्वतः सुतार आणून दुरुस्त करून घेतला. माफीच होती ती, मी तशीच घेतली.

सुधारलेलं विवरणपत्र भरायची मुदत होती. देसाईंनी ते भरलं, मी आयकर कचेरीत सोबत गेले. तिथल्या साहेबांनी कागद उलटसुलट केले आणि विचारलं, "नोटीस आली होती का तुम्हाला?" नाही म्हटलं. "मग?" मी म्हटलं, "एका मास्तरांनी विचारलं." त्यांना काही कळलं नसावं, पण शिक्का मारून दिला. देसाई त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी कामापुरतं बोलले. पुढं पुढं मात्र ते इतर दुकानदारांना हा नियम समजावून सांगायचे आणि आपणच काढलेली युक्ती असल्यासारखं सांगायचे. मी कधी दुरुस्त केलं नाही.

मग आम्ही घडी नीट बसवली. केंद्रात जाधव सर म्हणून हात-पाय बनवणारे मुख्य कारागीर होते, कारभारही तेच बघायचे. त्यांच्याशी बोलून ठरलं की दुकानाच्या चेकवर येणाऱ्या पावतीवर 'ग्राहकांकडून जमा, दुकानामार्फत' असं लिहायचं, आणि ती आमच्या विवरणपत्राला कधी जोडायची नाही. केंद्राचं एक पावती पुस्तक आमच्या गल्ल्यावर ठेवायचं. ज्याला पाहिजे त्याला, चार आण्यांची का असेना, त्याच्या नावाची पावती तिथंच. गल्ल्यामागं पाटी लावली: 'ही देणगी तुमची आहे. दुकान तिच्यावर करसवलत घेत नाही. पावती मागून घ्या.' पाटीचं अक्षर माझं. शेवटचे तीन शब्द अप्पांचे.

गुरुजींना त्यांची पावती मी स्वतः दिली. एकोणीस रुपये पंचाहत्तर पैसे, केंद्राच्या शिक्क्यासकट. त्यांनी ती उजेडात धरून वाचली आणि परत माझ्यापुढं ठेवली. "चौगुल्यातला गु दीर्घ काढलाय तुम्ही. ऱ्हस्व करा." मी केला. त्यांनी मग घडी घातली आणि म्हणाले, "बाई, उत्तर उशिरा आलं, पण बरोबर आलं." सरकारी पदक मिळालेल्या माणसाला काय वाटत असेल याचा मला त्या दिवसापासून अंदाज आहे.

त्यानंतर बरीच वर्षं पैसे वाढतच गेले. कॉम्प्युटरची बिलं आली तेव्हा महेशनं सगळ्यांत आधी देणगीची वेगळी ओळ छापून घेतली, त्यात 'ग्राहक' हा शब्द घालून.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती अभिमानाची आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक कारखानदार आमच्याकडे दिवाळीची घाऊक खरेदी करायचे, कामगारांना वाटायला. एकदा माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. "अक्का, तुमच्याकडं वर्षाला हातपायाचे येवढे पैसे जमत्यात. गिऱ्हाईक काय पावती नेत न्हाय. त्या सगळ्याची एक पावती माझ्या नावानं करा. मी तेवढेच पैसे आणि वरनं केंद्राला देतो. माझा कर वाचतोय, केंद्राला दुप्पट मिळत्यात, तुमच्या दुकानाचा संबंधच न्हाय. बोला."

मी म्हटलं, "तुमचे तुम्ही द्या साहेब, त्याची पावती आत्ता फाडते."

"ती कुठंबी मिळती की. मग मला ह्यात काय फायदा?"

मी नाही म्हटलं. त्यांनी दोनदा आणखी विचारलं, मग खांदे उडवून निघून गेले. ती दिवाळीची ऑर्डरही दुसऱ्या दुकानात गेली. महेशला सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंत."

पुढच्या आठवड्यात चेक द्यायला केंद्रात गेले आणि जाधव सरांना सांगितलं. ते हातातला साचा घासत होते, ते थांबले. "तुमचं बराबर हाय, अक्का. न्हाय म्हणायलाच पायजे हुतं." मग साचा बाजूला ठेवून म्हणाले, "पर त्या पैशात शोभाचा हात झाला आसता. आता आठ म्हैने तरी थांबाय लागंल तिला."

शोभा बाहेरच्या बाकावर बसली होती. पंचविशीची, कबनूरची. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर काम करायची. पट्ट्यात ओढणी अडकली आणि ओढणी सोडवायला गेलेला उजवा हात कोपराखालून गेला. दर महिन्याला मी जायची तेव्हा ती तिथं भेटायची. मोजमापं, व्यायाम, कधी नुसतीच चौकशी. मांडीवर वही ठेवून डाव्या हातानं अक्षरं गिरवत बसायची.

ते आठ महिने मी तिच्या शेजारी बसायची आणि सांगायची नाही. हात बसला त्या दिवशी सांगितलं. असा असा माणूस आला होता, मी नाही म्हटलं, म्हणून तुला इतके दिवस थांबावं लागलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला तवाच सांगाया पायजे हुतं की, अक्का."

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"व्हय म्हणाले आस्ते का न्हाय म्हणाले आस्ते, ते आता कसं सांगू? आठ म्हैने वेणी दुसऱ्याकडनं घालून घ्याची म्हंजे काय आस्तंय, तुमास्नी न्हाय कळायचं." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "पर आठ म्हैने मी थांबले, आणि का थांबले ते मला सोडून सगळ्यांस्नी म्हाईत हुतं. ह्ये बरं न्हाय केलंसा."

ती बरोबर होती. गिऱ्हाइकाला न विचारता त्याची सवलत घेऊ नये म्हणून मी नोकरी पणाला लावली होती. तिला मात्र मीच विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. नकार मी आजही तोच देईन. पण त्याच आठवड्यात तिच्या शेजारी बसून सांगेन आणि ती जे बोलेल ते ऐकून घेईन.

मी माफी मागितली. तिनं माफ केलं की नाही ते बोलली नाही. म्हणाली, "तुमच्यात काम हाय का? शेडवर मला आता कोण घेत न्हाय. बेरजा येत्यात मला, बारावी झाल्ये."

अप्पा तोवर थकले होते, पण नोकर ठेवायचा शेवटचा शब्द त्यांचाच होता. त्यांनी तिची तोंडी परीक्षा घेतली आणि गल्ल्यावर ठेवली. महेशला त्यातून एक कल्पना सुचली. तिचा हात दिसेल असा फोटो काढून दुकानात लावायचा, खाली हातपायाच्या पैशांची माहिती. वाईट हेतू नव्हता. शोभानं सरळ सांगितलं, "न्हाय. माझा हात बघून कुणी पैसं द्याचं न्हाय. द्याचं आसलं तर केंद्र बघून द्याचं." ती लांब बाह्यांचे ब्लाऊज घालायची आणि बाकीच्या मुलींसारखंच, एकदाच विचारायची. तिच्या गल्ल्यावर पैसे जास्त जमायचे नाहीत, कमीही नाहीत. याचा तिला फार अभिमान होता.

माझ्याशी मोकळं बोलायला तिला वर्ष लागलं. एका दुपारी डबा खाताना तिनं न विचारता माझ्या डब्यातलं लोणचं उचललं, तेव्हा मी समजले.

मी निवृत्त झाले तेव्हा अप्पा नव्हते. निरोपाचा समारंभ नको म्हटलं, तरी महेशनं सगळ्यांना पेढे वाटले आणि मला साडी दिली. संध्याकाळी पाचच्या सुमारास पिशवी घेऊन खाली आले. शनिवार होता, गर्दी होती. शोभाच्या गल्ल्यापाशी चाळिशीतला एक माणूस मोठ्यानं बोलत होता. गगनबावड्याकडचा असावा, खांद्यावर घोंगडी, पायात चिखलानं माखलेल्या वहाणा.

"रुपाया मागतासा आणि टॅक्स सोताचा वाचवतासा. आमी काय येडं हाय व्हय? समदं म्हाईत हाय मला."

मी पुढं व्हायला लागले. इतक्या वर्षांत ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं पाठ दुसऱ्या कुणाला नव्हतं. पण शोभानं माझ्याकडे बघितलंही नाही. तिनं पावती पुस्तक ओढलं, कृत्रिम हातानं पान दाबून धरलं आणि डाव्या हातात पेन घेतलं.

"नाव सांगा, पावणं."

"कुणाचं?"

"तुमचं. पावती तुमच्या नावानं फाडत्ये. म्हंजे टॅक्स वाचला तर तुमचा वाचंल."

"रुपायाची पावती?"

"रुपायाची बी फाडतो आमी."

तो माणूस गोंधळला. मागच्या रांगेकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. मग खिशातून रुपया काढून ठेवला, घोंगडी सावरली आणि नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, गाव, तालुका. शाळेत हजेरी देतात तसं, खणखणीत. शोभा एकेक अक्षर डाव्या हातानं लिहीत होती, आणि ते काम सावकाशच होतं. मागं दहा-बारा माणसं होती. 'आवरा की' असं कुणीही म्हणालं नाही.

मी तशीच रांगेच्या कडेनं पुढच्या दारातून बाहेर पडले.